ओटी म्हणजे ऑपरेशन नाही हो! बाळाच्या थेरपीत नेमकं काय करतात ते

आमचा छोटू नऊ महिन्यांचा होता तेव्हा गोवर-रुबेलाच्या लसीला नेलं होतं. सुई टोचली, तो रडला, आणि रडता रडता त्यानं उजव्या हातानं नर्सताईंची ओढणी घट्ट पकडली. डावा हात मात्र मूठ वळून छातीशीच, अंगठा आत दाबलेला. ताईंनी ओढणी सोडवायच्या आधी दोन मिनिटं नुसतं बघितलं, मग डाव्या हातासमोर पेन धरून पाहिलं, मग मला विचारलं की घरी पण हा एकाच हातानं धरतो का. मी म्हटलं हो ना, उजवा आहे, हुशार आहे, इतक्या लवकर हात ठरवून टाकला त्यानं. ताई हसल्या नाहीत. चिठ्ठी लिहून दिली आणि मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलं. तिथून आणखी एक चिठ्ठी मिळाली, त्यावर लिहिलेलं "ओटी". ते वाचून ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं, कारण आपल्याकडं ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटरच ना. चोपड्याकडून जळगावपर्यंतच्या एसटीत आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही.

तर ही ओटी वेगळी. ऑक्युपेशनल थेरपी. मराठीत सरकारी कागदावर "व्यवसायोपचार" लिहितात, ते वाचून तर माझ्या नणंदेला वाटलं की पोराला काही धंद्याचं ट्रेनिंग देतात की काय. नाव असं का, तर इथं ऑक्युपेशन म्हणजे नोकरी-धंदा नाही, माणसाचा दिवस ज्या ज्या कामांनी भरतो ती सगळी कामं. मोठ्या माणसाचं काम शेत, दुकान, स्वयंपाक. आणि एक वर्षाच्या बाळाचं काम काय, तर खेळणं, खाणं, झोपणं, अंघोळ, आईच्या कडेवर नीट बसणं, वाटी आपटणं. ही कामं बाळाला जमत नसतील तर ती जमवून देणारी माणसं म्हणजे ओटीवाले. हे शिक्षण आपल्या देशात आलं ते महाराष्ट्रातच बरं का, १९५० साली मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये कमलाबाई निंबकरांनी याची शाळा काढली. मूळच्या त्या अमेरिकन, लग्न करून इकडं आल्या आणि इकडच्याच झाल्या. पंच्याहत्तर वर्षं झाली, तरी आपल्या तालुक्यात विचाराल तर दहातल्या नऊ जणांना अजून हे नाव माहीत नसतं.

फिजिओथेरपी आणि ही एकच का, हा प्रश्न सगळे विचारतात. थोडं एकमेकांत मिसळतं, पण मोटामोटी असं धरा की फिजिओवाले मान, पाठ, पाय, बसणं, उभं राहणं, चालणं याकडं जास्त बघतात, ओटीवाले त्या बसण्याचा, हाताचा, नजरेचा, तोंडाचा उपयोग रोजच्या कामात कसा होईल ते बघतात, आणि बोलण्याचे वेगळे स्पीच थेरपिस्ट. लहान बाळाच्या बाबतीत बहुतेक वेळा हे सगळे मिळूनच काम करतात, त्यामुळं नावावरून डोकं लावत बसू नका.

आता "उशीर" म्हणजे किती उशीर. इथंच आपलं घोडं अडतं. आमच्या घरी एकच वाक्य, "त्याना बाप बी उशिरा चालना व्हता, व्हई जाई", म्हणजे याचा बाप पण उशिराच चालला होता, होऊन जाईल. आणि खरं सांगायचं तर ते पूर्ण चुकीचं पण नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांतल्या निरोगी मुलांचं मोजमाप केलं होतं, त्यात आपला भारत पण होता. २००६ साली आलेल्या त्या आकड्यांत आधाराशिवाय बसण्याची रेंज साधारण ४ ते ९ महिने निघाली, आणि एकट्यानं चालण्याची ८ पासून थेट साडेसतरा महिन्यांपर्यंत. म्हणजे शेजारचं पोरगं दहाव्या महिन्यात चाललं आणि तुमचं पंधराव्यात, तर दोघंही ठीक. गुडघ्यावर रांगणं तर काही मुलं करतच नाहीत, सरळ उभीच राहतात. पण साडेसतरा उलटले आणि पोर चालत नाही तर मग बापाचं उदाहरण बंद करून दाखवून आणायचं, एवढा त्याचा अर्थ.

आणि एक हिशोब जो मला कुणी सांगितलाच नव्हता. छोटू बत्तिसाव्या आठवड्यात झालेला, म्हणजे दोन महिने आधी. अशा बाळाचं वय दोन ठिकाणाहून मोजतात, एक जन्मतारखेपासून, दुसरं डॉक्टरांनी दिलेल्या मूळ तारखेपासून. लस पहिल्या वयानं द्यायची, पण बसला का, वळला का, हे दुसऱ्या वयानं बघायचं, साधारण दोन वर्षांचा होईपर्यंत. म्हणजे नऊ महिन्यांचा छोटू खरं तर सातच महिन्यांचा धरायचा. मी आधी फुकटची काळजी करत होते की हा बसत का नाही, आणि ज्याची काळजी करायला पाहिजे होती त्या हाताचं कौतुक करत होते.

कारण वेळापत्रकापेक्षा काही खुणा जास्त महत्त्वाच्या असतात. वर्षाच्या आत बाळानं एकच हात वापरायचा नसतो. उजवा-डावखुरा हे साधारण दीड-दोन वर्षांच्या आसपास कळायला लागतं, त्याआधी एकाच हातावर सगळा कारभार चालला असेल तर दुसऱ्या हाताचं काहीतरी अडलंय असं समजायचं. तीन-चार महिन्यांनंतरही मुठी कायम घट्ट, अंगठा आत. लंगोट बदलताना पाय कडक होऊन एकमेकांवर कात्रीसारखे चढणं, किंवा उलट, उचललं की हातातून निसटेल इतकं अंग सैल. चार महिने होऊन गेले तरी मान धरत नाही. दूध पिताना रोज ठसका. वर्षभराचा झाला तरी नावानं हाक मारली तर बघत नाही, पंधरा-सोळा महिन्यांचा झाला तरी बोट दाखवून "ते बघ" करत नाही. आणि सगळ्यात मोठी, जमत होतं ते जमेनासं झालं, तर त्या दिवशीच निघायचं, तिथं वाट बघणं नाही.

ह्या खुणा ओळखायला डॉक्टरच पाहिजे असं नाही. तुमच्या लसीच्या कार्डावर, ते माता-बाल संरक्षण कार्ड, त्यात चित्रं काढलेली आहेत कोणत्या महिन्यात काय यायला पाहिजे त्याची, आपण फक्त लसीचं पान उघडतो. आशाताई पण तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी येऊन बघायच्या असतात, आल्या नाहीत तर बोलवा, त्यात लाजायचं काय.

आम्ही मध्ये एका डॉक्टरांना दाखवलं होतं, ते म्हणाले वर्षाचा होऊ द्या मग बघू. मी त्यांच्यावर फार चिडले नंतर. पण घाई का करायला पाहिजे ते मला समजलं ते थेरपीवाल्या मॅडमकडून कमी आणि माझ्या सासऱ्यांकडून जास्त. मॅडम सांगत होत्या की डाव्या हाताचा कारभार मेंदूच्या उजव्या बाजूला असतो, तिथं कमी दिवसांच्या बाळांत कधी कधी रक्तस्राव होतो, इजा होते, ती जागा परत पहिल्यासारखी होत नाही पण आजूबाजूचा मेंदू ते काम थोडंफार शिकून घेऊ शकतो, आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत हे जितकं होतं तितकं पुढं होत नाही. मला अर्ध कळलं. सासरे म्हणाले, अगं शेतातला पाण्याचा दांड फुटल्यावर काय करतो आपण, माती ओली आहे तोवर फावड्यानं दुसरीकडून वळवून घेतो ना पाणी, एकदा ऊन लागून कडक झाली की मग कुदळ घेऊन बसा. आयुष्यभर केळीला पाणी भरलेला माणूस, पटकन समजला. आणि यातली दुसरी गोष्ट अशी की ज्या वाटेनं पाणी जातच नाही ती वाट बुजते. म्हणजे हात वापरला नाही तर मेंदू त्या हाताला हळूहळू विसरायलाच लागतो. म्हणून "मोठा झाला की बघू" यात नुसता वेळ जात नाही, नुकसान होतं.

पहिल्या दिवशी मॅडमनी काय केलं असेल? मला वाटलं मशीन लावतील, शेक देतील. त्या आमच्यासोबत सतरंजीवर खाली बसल्या आणि पाऊण तास गप्पाच. सकाळी कोण उठवतं, दूध कशानं पाजता, मांडीवर कसं धरता, अंघोळ कोण घालतं, झोळीत किती वेळ असतो, घरात कोण कोण. मध्ये मध्ये छोटूसमोर काहीतरी सरकवायच्या आणि बघायच्या. शेवटी विचारलं, तुम्हाला त्याला काय जमलेलं बघायचंय? मी म्हटलं सगळं बरं व्हावं. त्या म्हणाल्या असं नाही, एक काम सांगा. मी बोलून गेले, त्याला भाकरी मोडता आली पाहिजे. आणि तेच आमचं टार्गेट झालं! ऐकायला येडपट वाटतं पण विचार करा, लहान पोराला भाकरी मोडायला काय काय लागतं. सरळ बसता आलं पाहिजे म्हणजे हात मोकळे राहतात, एका हातानं धरून ठेवायची, दुसऱ्यानं तुकडा तोडायचा, बोटांत चिमटीएवढी ताकद, तुकडा तोंडापर्यंत न सांडता न्यायचा, चावायचा, गिळायचा. एवढ्या पायऱ्या आहेत, आणि थेरपी म्हणजे ह्या पायऱ्या सुट्या करून खालून एकेक चढणं.

आमची पहिली पायरी बसण्याची होती. ज्याची पाठ डगमगते त्याचे हात पाठीला सांभाळण्यातच गुंततात, म्हणून आधी बूड पक्कं. काही महागाचं सामान नाही हो, फळांचा पुठ्ठ्याचा खोका घेतला, एका बाजूनं कापला, आत दोन्ही कुशींना जुन्या गोधडीच्या गुंडाळ्या, पाय खाली टेकलेले, समोर पाट. त्यात बसवून पुढं वाटी-चमचा. आणि दिवसातून चार-पाच वेळा जमिनीवर पालथं घालायचं, जागेपणी, आपण समोर बसून. सुरुवातीला दोन मिनिटांत भोकाड, मग त्या म्हणाल्या तुमच्या छातीवर पालथा झोपवा, ते पण चालतं. आपल्याकडं उन्हाळ्यात फरशी तापते, पारा ४४-४५ ला जातो, म्हणून हे सगळं सकाळी सातच्या आत आणि सांजेला.

मग हात. इथं एक गंमत करतात. चांगल्या हातात मऊ मोजा घालायचा, थोडाच वेळ, खेळताना, म्हणजे आळशी हाताला पुढं यावंच लागतं. पण हे आपल्या मनानं करायचं नाही, किती वेळ, कधी, हे थेरपिस्टनंच ठरवायचं, कारण बाळ वैतागलं तर ते डाव्या हाताचा राग धरतं. मोजा काढल्यावर मग दोन्ही हातांची कामं, मोठा डबा जो एका हातात मावतच नाही, टाळ्या, परातीत पाणी, भाकरीच्या पिठाचा गोळा. सासूबाई भाकरी थापायला बसल्या की ह्याच्यापुढं पण एक गोळा. आमच्याकडं दादर ज्वारी असते घरात, परातीत दादर टाकून त्यात हात घालून खेळवायचं, मुठीतून दाणे सोडायचे. अर्थात एक माणूस तिथंच बसलेला पाहिजे, नाकातोंडात दाणा जायला वेळ लागत नाही, शेंगदाणा-हरभरा तर अजिबात नको.

खाण्याचं सगळ्यात जास्त सांगते, कारण तिथं आम्ही रोज चुकत होतो. आपण बाळाला मांडीवर आडवं करून, मान मागं टाकून, बोंडल्यानं किंवा चमच्यानं ओततो. ज्या बाळाचं गिळणं कच्चं आहे त्याच्यासाठी हे धोक्याचं, अन्न श्वासनळीकडं जातं, ठसका लागतो, मग सारखी छाती भरते आणि आपण म्हणतो याला सर्दीच फार. बसतं करायचं, हनुवटी किंचित खाली. चमचा समोरून, वरच्या दातांवर खरवडून काढायचा नाही, जिभेवर हलका दाबून थांबायचं, बाळानं ओठ मिटून स्वतः घ्यायचं. पहिल्या दिवशी एका वाटीला चाळीस मिनिटं लागली. आमच्या पट्ट्यात केळीला तोटा नाही, कुस्करलेलं केळं, आणि मऊ वरण-भात घट्टसर, कारण अगदी पातळ पाणी गिळणं अशा बाळांना उलट अवघड जातं. ठसका रोजचाच असेल तर मात्र घरी प्रयोग नाही, आधी तपासणी.

पांगुळगाडा द्यायचा का, हे पण विचारून घेतलं होतं मी. तर आपला जुना लाकडी तीन चाकांचा, जो पोर स्वतःच्या पायावर उभं राहून ढकलतं, तो उभं राहता यायला लागल्यावर चालतो, लक्ष ठेवून. पण ते गोल वॉकर, ज्यात पोर मध्ये लटकतं आणि चवड्यांनी सरकतं, ते नको. त्यानं लवकर चालत नाही, उलट सवयी बिघडतात, पायऱ्यांवरून पडण्याचे प्रकार होतात. कॅनडात तर २००४ पासून विकायलाच बंदी आहे. आमच्याकडं बारशाला मामानं दिलेला आला होता, तो अजून माळ्यावर आहे, मामाला सांगू नका.

आता दुसऱ्या प्रकारची मुलं, ज्यांचं हातपायाचं ठीक असतं पण कुकरची शिट्टी झाली की कान दाबून किंचाळतात, केसाला तेल लावू देत नाहीत, पांढरा भात सोडून काही खात नाहीत, किंवा दिवसभर गोल गोल फिरतात. तिथं ओटीवाले सेन्सरी थेरपी करतात, झोके, उड्या, ब्रश, वेगवेगळे स्पर्श. जीन आयर्स नावाच्या अमेरिकन ओटीनं हा विचार मांडला. याचा काही मुलांना उपयोग होतो, पण पुरावा सगळीकडं सारखा भक्कम नाही, म्हणून फक्त झोका आणि लाईटची खोली दाखवून महिन्याचं मोठं पॅकेज सांगणाऱ्याला विचारा की यानं माझ्या मुलाचं रोजचं कोणतं काम सुधारेल आणि किती दिवसांत बघायचं. सांगता आलं नाही तर उठा. तसंच पोर नुसतं पडलेलं आणि दुसरं कुणीतरी त्याचे हातपाय हलवतंय, यात फार काही शिकणं होत नाही, पोरानं स्वतः धडपडून केलेली हालचालच मेंदूत बसते. मालिश प्रेमानं करा, झोप छान लागते, पण ती थेरपी नाही. आणि ऑटिझम किंवा सेरेब्रल पाल्सीसाठी (म्हणजे लहानपणी मेंदूला इजा होऊन हालचाल बिघडते त्यासाठी) स्टेम सेलची, म्हणजे मूळ पेशींची, इंजेक्शनं विकणारे भेटतील, आपल्या देशाच्या २०१७ च्या नियमावलीत ते मान्य उपचार म्हणून नाहीच, फक्त परवानगी असलेल्या संशोधनात चालतं, आणि संशोधनाचे पैसे पेशंटकडून घ्यायचे नसतात. शेत विकू नका त्यासाठी.

मोबाईलबद्दल बोलले नाही तर मॅडम रागावतील. दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय. घास भरवताना मोबाईल लावला की तोंड उघडतं खरं, पण ते पोर खात नसतं, आपण त्याच्यात टाकत असतो. हे मी सांगतेय जिनं स्वतः चार महिने तसंच केलं.

हिशोब बघा ना. आठवड्याला एक सेशन, पाऊण तास. उरलेला आठवडा बाळ तुमच्याजवळ. म्हणून खरी थेरपी तिथं होतच नाही, तिथं आपल्याला शिकवतात. जी थेरपिस्ट दार लावून बाळाला आत घेते आणि आईला बाहेर बाकड्यावर बसवते तिच्याकडं मला तरी जायचं नाही. घरी वेगळा तास काढायची गरज नाही, लंगोट बदलताना, अंघोळीत, जेवताना, कडेवर घेताना, तेच तेच पन्नास वेळा. मॅडमनी मला कडेवर घ्यायची बाजूच बदलायला लावली, म्हणजे त्याचा चांगला हात माझ्या अंगाशी दबेल आणि डावा मोकळा राहील. फुकटचं काम, पण दिवसातून वीस वेळा होतं. आणि घरातल्या सगळ्यांनी केलं पाहिजे, एकट्या आईच्या डोक्यावर टाकलं तर आई महिन्यात थकते. आमच्याकडं ह्यांनी अंघोळ घेतली अंगावर, सासऱ्यांनी पालथं घालणं. मी आजारी पडले तेव्हाच, ते खरं.

पैशांचं आणि कुठं जायचं ते थोडक्यात. सरकारची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ही योजना २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाली, लोक आरबीएसके म्हणतात. त्यांची टीम वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासते, आणि गरज असेल त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी डीईआयसी म्हणून लहान मुलांच्या लवकर उपचाराचं केंद्र असतं तिथं पाठवते. जळगाव, धुळे, नंदुरबार, तुम्हाला जे जवळ पडतं तिथल्या सरकारी दवाखान्यात चौकशी करा, पण आधी अंगणवाडीताईंना विचारून कोणत्या दिवशी कोण असतं ते काढा, नाहीतर सातपुड्यातून दोन गाड्या बदलून या आणि टेबल रिकामं. प्रायव्हेटला जाणार असाल तर डिग्री ओटीचीच आहे ना आणि महाराष्ट्राच्या कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आहे ना ते विचारा, राग आला तर येऊ द्या. पुढं दिव्यांग सर्टिफिकेट निघालं तर सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टचा निरामय विमा आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात थेरपीचा खर्च पण धरतात. सर्टिफिकेट घेतल्यानं पोराला शिक्का बसतो असं आमच्या भावकीत पुष्कळ जण बोलले. बोलू दिलं.

बरा होतो का, असं विचारणाऱ्यांना माझ्याकडं सरळ उत्तर नाही, कारण प्रत्येकाचं कारण वेगळं. काही मुलं फक्त मागं असतात आणि गाठतात. काहींचं, जसं आमचं, दुखणं जात नाही, पण कामं जमायला लागतात. छोटू आता अडीच वर्षांचा आहे, डाव्या हाताला रात्री स्प्लिंट, म्हणजे हात नीट ठेवणारी पट्टी, लावतो, पळताना तो हात अजून वाकतो. भाकरी मोडतो. डाव्या हातानं धरत नाही म्हणा, डाव्या मनगटानं ताटात दाबून ठेवतो आणि उजव्यानं तोडतो, मॅडम म्हणाल्या चालेल, काम झालं ना.

पहिल्यांदा जाणार असाल तर दवाखान्यातून सुट्टी देताना दिलेलं कार्ड, लसीचं कार्ड, आणि घरी बाळ खाताना-खेळतानाचे मोबाईलवरचे दोन-तीन व्हिडिओ घेऊन जा, कारण तिथं गेल्यावर पोरं एक तर झोपतात नाहीतर रडतात आणि दाखवायचं ते काहीच करत नाहीत. त्याची रोजची वाटी-चमचा पण पिशवीत टाका. आणि गेटवर "ओटी कुठंय" असं विचारू नका, तो सिक्युरिटीवाला भाऊ आम्हाला खरंच वरच्या मजल्यावर ऑपरेशन थिएटरच्या दाराशी सोडून आला होता, लहान मुलांची थेरपी कुठं होते असं विचारा.